संगणकगृहांचे शीतकरण : पाणी, रसायने आणि प्लॅस्टिक

अंधेरीहून पवईकडे जाताना चांदिवलीच्या परिसरात काही इमारती अशा दिसतात की, त्यांचा व्यवसाय बाहेरून ओळखता येऊ नये. खिडक्या थोड्या, प्रवेशद्वारावर कडक पहारा, माणसांची वर्दळ जवळजवळ नाही आणि गच्चीवर मात्र मोठमोठ्या पंख्यांची व नळांची दाटी. ही डेटा सेंटरे होत. मराठीत त्यांना संगणकगृहे म्हणावयास हरकत नाही. गेल्या दोन दशकांत चांदिवली, पवई, विक्रोळी आणि खाडीपलीकडे ऐरोली, महापे या पट्ट्यात ती वाढत गेली. समुद्राखालून आलेल्या दूरसंचार केबली वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतात, विजेची व्यवस्था तुलनेने भरवशाची आहे आणि बँका व विमा कंपन्या याच शहरात आहेत. म्हणून देशातील अशा केंद्रांचा मोठा वाटा मुंबई व नवी मुंबईत एकवटला आहे.

गावातील शेतकरी संगणकीकृत सातबारा काढतो, शाळेतील विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बँकेत जमा होते, रास्त भावाच्या दुकानात अंगठा उमटवून धान्य मिळते. या प्रत्येक व्यवहारामागे कोठल्या तरी संगणकगृहातील यंत्र काम करीत असते. इंग्रजीचे अनुकरण करून आपणही त्या व्यवस्थेला ‘क्लाऊड’ म्हणजे ढग म्हणू लागलो आहोत. हा शब्द काहीसा फसवा आहे. ढग आकाशात तरंगतो. हे यंत्र जमिनीवर उभे असते, तापते आणि त्याला थंड ठेवण्यासाठी वीज व पाणी लागते. त्या पाण्यात काय मिसळलेले असते, ते कोणत्या नळ्यांतून वाहते आणि शेवटी कोठे सोडले जाते, याची चर्चा सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात त्याचीच माहिती देण्याचा उद्देश आहे.

हवेकडून पाण्याकडे

मुंबईला संगणक नवा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संपूर्णपणे देशात बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत साठच्या दशकात सोव्हिएत बनावटीचा ‘मिन्स्क’ संगणक आला. अंधेरीला १९७३ साली ‘सीप्झ’ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले आणि उपनगरांत संगणकाशी संबंधित उद्योगाने मूळ धरले. त्या काळी संगणक थंड ठेवणे म्हणजे खोलीचे वातानुकूलन करणे होय, अशीच समजूत होती आणि बहुतांशी ती योग्यही होती.

परदेशात मात्र पाण्याचा मार्ग तेव्हाच चोखाळला गेला होता. आयबीएमच्या १९८० मधील ३०८१ या मोठ्या संगणकात उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी वापरले जात होते. नव्वदच्या दशकात कमी वीज खाणारी सीमॉस जातीची इलेक्ट्रॉनिक मंडले आली, तेव्हा पाण्याचे नळ काढून पुन्हा पंखे बसविण्यात आले. पाण्याची कटकट कायमची मिटली, असे अभियंत्यांना वाटले. ती समजूत वीस वर्षेच टिकली.

कारण आकड्यांत सांगितल्यास लवकर पटेल. १९७८ साली बाजारात आलेला इंटेलचा ८०८६ हा प्रक्रियक दोन वॅटपेक्षाही कमी शक्ती वापरीत असे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणनांसाठी वापरल्या जाणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीच्या एच-१०० या एका घटकाला ७०० वॅटपर्यंत शक्ती लागते आणि त्यानंतरच्या घटकांनी एक हजार वॅटचा टप्पा ओलांडला आहे. ही सर्व शक्ती शेवटी उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. तळहाताएवढ्या जागेत स्वयंपाकघरातील इस्त्री अखंड तापत ठेवावी, असाच हा प्रकार आहे. पूर्वी एका कपाटात पाच ते दहा किलोवॅट उष्णता निर्माण होई. आता शंभर किलोवॅटच्या वरची कपाटे तयार होत आहेत.

शंभर किलोवॅट उष्णता हवेने काढावयाची आणि हवा दहा अंशांनी तापू द्यावयाची, असे ठरविले तर दर सेकंदाला सुमारे आठ घनमीटर हवा त्या कपाटातून गेली पाहिजे. तेवढा वारा म्हणजे लहानसे वादळच. हेच काम पाण्याकडे सोपविल्यास दर सेकंदाला अडीच लिटरही लागत नाहीत, कारण समान आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता धारण करते. म्हणून प्रक्रियकाच्या पाठीवरच तांब्याची पोकळ पट्टी बसवून तिच्यातून द्रव फिरविण्याची पद्धत पुन्हा प्रचारात आली आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा २०१९ मधील महासंगणक याच रीतीने, म्हणजे द्रवाच्या प्रत्यक्ष संपर्काने, थंड केला जातो. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘प्रत्युष’ या २०१८ च्या महासंगणकाच्या रचनेतही पाण्याचे स्थान मोठे आहे. मान्सूनचे अंदाज वर्तविणाऱ्या यंत्रालाच पाणी लागावे, हा योगायोग गमतीचा खरा.

पाण्याची तीन चक्रे

या व्यवस्थेत पाणी एकच नसते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. साधारणपणे तीन निरनिराळी चक्रे असतात आणि त्यांचे प्रश्नही निरनिराळे असतात.

सर्वांत आतले चक्र संगणकाच्या कपाटातले. यातील द्रव थोडा, पण अतिशय काटेकोरपणे तयार केलेला असतो. तांब्याच्या पट्टीतील खोबणी केसाइतक्या बारीक असतात, त्यामुळे त्यात वाळूचा कण किंवा शेवाळाचा तंतू अडकून चालत नाही. दुसरे चक्र इमारतीच्या नळांतले. ही उष्णता आतल्या चक्राकडून घेते आणि यंत्रघराकडे नेते. दोन्ही द्रव एकमेकांत मिसळत नाहीत. पातळ धातूच्या पत्र्यांच्या उष्णता विनिमयकात ते शेजारी शेजारी वाहतात. तिसरे चक्र गच्चीवरचे. तेथे काही ठिकाणी हवेने थंड होणारी यंत्रे असतात, तर काही ठिकाणी कूलिंग टॉवर.

कूलिंग टॉवरचे तत्त्व कोणत्याही घरातील माठाने समजावून देता येते. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठ जुना झाला की त्याच्या अंगावर पांढरे क्षार दिसू लागतात व तो पूर्वीसारखा पाणी गार करीत नाही. कूलिंग टॉवरमध्ये नेमके हेच घडते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, उरलेले पाणी अधिकाधिक खारट होते. म्हणून त्यातील काही भाग वेळोवेळी गटारात सोडावा लागतो आणि नवे पाणी भरावे लागते.

किती पाणी? एक मेगावॅट उष्णता केवळ बाष्पीभवनाने काढावयाची झाल्यास दिवसाला सुमारे छत्तीस हजार लिटर पाण्याची वाफ होते. क्षार पाचपट होईपर्यंत पाणी फिरवावयाचे ठरविले, तर आणखी नऊ हजार लिटर सोडून द्यावे लागतात. म्हणजे दिवसाला पंचेचाळीस हजार लिटर. जलजीवन मोहिमेत ग्रामीण माणसाला दररोज पंचावन्न लिटर पाण्याचे प्रमाण ठरविलेले आहे. त्या हिशेबाने हे पाणी आठशेहून अधिक वस्तीच्या गावाला पुरेल. एका केंद्राची क्षमता काही मेगावॅटपासून काही दशक मेगावॅटपर्यंत असते, हे पाहता हा आकडा किरकोळ नाही. मात्र न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, मुंबईची हवा बारा महिने दमट असल्यामुळे बाष्पीभवन येथे म्हणावे तितके प्रभावी ठरत नाही आणि अनेक केंद्रे हवेने थंड होणारी यंत्रे पसंत करतात. त्यांना पाणी थोडे लागते, वीज अधिक लागते. पाणी वाचविले तर कोळसा जळतो आणि वीज वाचविली तर तलाव आटतो. यातून पूर्ण सुटका कोणत्याही यंत्राने अद्याप दिलेली नाही.

पाण्यात काय मिसळतात आणि का

निव्वळ शुद्ध पाणी घालून हे यंत्र चालविता येणार नाही का, असा प्रश्न सहज मनात येतो. खनिजविरहित शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहत नाही, त्यामुळे गळती झाली तरी बाधा नाही, असेही सांगितले जाते. व्यवहारात ते टिकत नाही. शुद्ध पाणी हे भुकेले पाणी असते. ते ज्या धातूतून वाहते त्याचेच कण विरघळवून घेते, हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल बनते आणि थोड्याच दिवसांत वीजवाहकही होते. म्हणून ‘आमचा द्रव वीज वाहत नाही’ असे आश्वासन विक्रेत्याने दिले, तर ते पहिल्या दिवसापुरतेच समजावे.

पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. ताकातील आम्ल धातूला खाते आणि हिरवट चव उतरते. म्हणूनच पूर्वी पातेल्यांना कल्हई लावीत. संगणकाच्या शीतकात कल्हईचे काम रसायने करतात. तांब्यासाठी बेंझोट्रायाझोल किंवा टॉलिलट्रायाझोल ही द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळतात. तांब्याच्या पृष्ठभागावर ती डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार करतात आणि पाण्याला धातूपर्यंत पोहोचू देत नाहीत. पोलादी नळांसाठी नायट्राइट किंवा मॉलिब्डेट वापरतात. ॲल्युमिनियमसाठी सिलिकेट. शिवाय पाण्याचा सामू आठ ते दहाच्या दरम्यान, म्हणजे किंचित अल्कधर्मी राहावा म्हणून फॉस्फेट किंवा बोरेटसारखे क्षार घालतात.

अडचण अशी की एका धातूला जे मानवते ते दुसऱ्याला मानवतेच असे नाही. अल्कधर्मी पाण्यात लोखंड सुखरूप राहते, पण सामू फार वाढला की ॲल्युमिनियम विरघळू लागते. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले, तर त्यांचा विद्युतघटच बनतो व ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. हौशी मंडळी घरच्या संगणकाला पाण्याने थंड करण्याचे संच आणतात. त्यांतील स्वस्त संचांत तांब्याची पट्टी व ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र असतो. काही महिन्यांत पाणी गढूळ होते, ते याच कारणाने. त्यावर काहीजण मोटारगाडीच्या रेडिएटरमधील शीतक ओततात. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि प्रकृतीला विषारी असते, आणि लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात ते उघडे ठेवणे धोक्याचे आहे.

संगणकगृहांत त्याऐवजी प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. पाण्यात त्याचे प्रमाण साधारणतः पंचवीस टक्के असते. थंड प्रदेशांत ग्लायकॉल पाणी गोठू नये म्हणून घालतात. मुंबईत पाणी गोठण्याचा प्रश्न उद्भवण्याची शक्यता नाही, मग ते येथे कशासाठी? त्याचे कारण जंतू. पंचवीस टक्क्यांच्या आसपास ग्लायकॉल असले की जीवाणूंची वाढ रोखली जाते. त्याहून बरेच कमी असले तर मात्र उलटा परिणाम होतो. ते जीवाणूंचे खाद्य ठरते आणि नळांत बुळबुळीत थर साचू लागतो. देखभाल करणारा कामगार द्रव कमी झाला म्हणून नळाचे साधे पाणी ओततो, तेव्हा ग्लायकॉल पातळ होते, नळातील क्लोरीन व क्षार आत जातात आणि एक बादली पाण्याने सर्व मिश्रण बिघडते. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. ते सहा महिन्यांनी बंद पडते आणि तेव्हा त्या बादलीची आठवण कोणालाही नसते.

जंतूंचा प्रश्न गच्चीवरच्या टॉवरमध्ये अधिक गंभीर आहे, कारण तो माणसांच्या आरोग्याशी निगडित आहे. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या संमेलनानंतर न्यूमोनियासारख्या आजाराची साथ आली व अनेकजण दगावले. पुढल्या वर्षी त्याचा जीवाणू सापडला आणि त्याला लिजिओनेला हे नाव मिळाले. कोमट पाण्यात हा जीवाणू वाढतो आणि टॉवरच्या तुषारांबरोबर हवेत पसरतो. मुंबईसारख्या दाट वस्तीत टॉवरच्या शेजारच्या इमारतीची खिडकी काही मीटरच दूर असते. त्यामुळे क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयसोथायाझोलिनोन जातीची जंतुनाशके नियमितपणे देणे ही केवळ यंत्राची निगा नाही.

याच टॉवरांत पूर्वी गंज रोखण्यासाठी क्रोमेट सर्रास वापरीत. ते अत्यंत गुणकारी होते. पण त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगास कारणीभूत ठरते, असे सिद्ध झाल्यावर अमेरिकेने १९९० साली वातानुकूलनाच्या टॉवरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे कूलिंग टॉवरच्या पाण्यासाठी भारतीय मानक ८१८८ उपलब्ध आहे. शासकीय इमारतींच्या देखभालीच्या करारात त्याचा उल्लेख असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

प्लॅस्टिकचे भाग : दुर्लक्षित बाजू

धातूला गंज चढतो, हे सर्वांना कळते. प्लॅस्टिकला गंज चढत नाही म्हणून ते निर्धास्त, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. शीतकरणाच्या यंत्रणेतील बिघाडाची सुरुवात पुष्कळदा एखाद्या वॉशरपासून, नळीपासून किंवा पंपाच्या फिरत्या चाकापासून होते, आणि ते भाग बहुधा रबर व प्लॅस्टिकचे असतात.

बागेला पाणी घालण्याची पारदर्शक मऊ नळी पाहावी. नवी असताना ती हवी तशी वळते, दोन-तीन वर्षांत पिवळी पडते, ताठ होते आणि तोटीच्या तोंडाशी चिरते. ही नळी पीव्हीसीची असते. मूळ पीव्हीसी कडक असते. ते मऊ व्हावे म्हणून त्यात तेलासारखी द्रव्ये घालतात. कालांतराने ही द्रव्ये बाहेर झिरपतात. संगणकाच्या शीतक चक्रात अशी नळी वापरली, तर झिरपलेले द्रव्य कोमट पाण्यात उतरते आणि तांब्याच्या बारीक खोबणीत चिकट थर होऊन बसते. नळी कडक होते ते वेगळेच. म्हणून संगणकगृहांत पीव्हीसीच्या मऊ नळ्या टाळून ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या किंवा टेफ्लॉनच्या अस्तराच्या नळ्या वापरतात.

ईपीडीएम पाण्याला व ग्लायकॉलला उत्तम टिकते, पण खनिज तेल लागले की फुगते. पंपाला वंगण देताना तेलाचा हात ओ-रिंगला लागला, तर ती महिनाभरात सैल पडू शकते. रबर कोणत्या पद्धतीने पक्के केले आहे, यालाही महत्त्व आहे. गंधकाने पक्के केलेल्या रबरातून गंधकाची संयुगे पाण्यात उतरतात आणि गंधक हा तांब्याचा शत्रू आहे. म्हणून पेरॉक्साइडने पक्के केलेले रबर मागतात. रबरी वॉशरची किंमत यंत्राच्या मानाने नगण्य असते, आणि खरेदीच्या वेळी नेमकी तेथेच काटकसर होते.

पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक ही पारदर्शक प्लॅस्टिके दिसावयास सुंदर. आतला रंगीत द्रव दिसावा म्हणून हौशी लोकांत ती फार प्रिय आहेत. पण ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागले की त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. स्वच्छ करण्यासाठी स्पिरिटचा बोळा फिरविला आणि टाकी चिरली, असे अनुभव काही थोडे नाहीत. पॉलिकार्बोनेटला तीव्र अल्कधर्मी द्रव सोसत नाही. म्हणजे ज्या रसायनामुळे पोलाद सुरक्षित राहावे तेच टाकीला घातक ठरू शकते. नायलॉन पाणी शोषून फुगते, त्यामुळे नेमक्या मापाच्या भागांना ते उपयोगी नाही. ॲसिटल हे नळजोडांसाठी मजबूत प्लॅस्टिक आहे, पण क्लोरीन त्याला हळूहळू पोखरते. पॉलिप्रोपिलीन, पॉलिफेनिलीन सल्फाइड व टेफ्लॉन ही त्या मानाने खंबीर.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्लॅस्टिकच्या नळीची भिंत अभेद्य नसते. तिच्यातून पाण्याची वाफ अत्यंत संथपणे बाहेर जाते आणि हवेतील प्राणवायू आत येतो. कोठेही गळती नसताना वर्षअखेरीस द्रव कमी झालेला आढळतो, तो यामुळे. आत आलेला प्राणवायू धातूच्या क्षरणाला मदत करतो व ग्लायकॉलचेही हळूहळू आम्लात रूपांतर घडवितो. सामू घसरू लागला, तर द्रव म्हातारा झाला असे समजावे. दर तीन महिन्यांनी नमुना घेऊन सामू, वीजवाहकता, तांब्याचे प्रमाण, ग्लायकॉलचे प्रमाण व जीवाणूंची संख्या तपासणे हा या दुखण्यावरचा स्वस्तातला उपाय होय.

या सर्वांवर उपाय म्हणून संगणकच वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवण्याची पद्धतही आली आहे. तिच्यातील काही फ्लोरीनयुक्त द्रव निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांची मोठी उत्पादक असलेल्या थ्री-एम कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात अशी द्रव्ये बनविणे २०२५ अखेर थांबविण्याचे जाहीर केले. तेलाच्या जातीचे द्रव वापरले, तर वायरींच्या पीव्हीसी आवरणातील मऊपणा आणणारी द्रव्ये त्यात उतरतात. प्रश्न जागा बदलतो, इतकेच.

पाणी येते कोठून, जाते कोठे

मुंबईला सात तलावांतून पाणी मिळते. विहार व तुळशी हे दोन उपनगरांतच बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत, पण त्यांचा वाटा अल्प आहे. पवई तलाव १८९१ साली बांधला गेला. त्याचे पाणी पिण्यायोग्य नसल्याने ते अन्य कामांसाठीच वापरले जाते. शहराची खरी तहान भागते ती तानसा, वैतरणा व भातसा यांच्या पाण्यावर. तानसा धरण १८९२ चे आहे. ही धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, तेथील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून संगणकगृहांच्या पाण्याचा विचार होऊ शकत नाही. पंचायत सदस्यांनी हा प्रश्न विचारला, तर तो विकासविरोधी ठरू नये.

तलावांचे पाणी सामान्यतः मृदू असते. ते यंत्रांना सोसते. पण नळाचे पाणी अपुरे पडले की कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी येते आणि त्यातील क्षारांचे प्रमाण ठिकाणाठिकाणाला बदलते. किनाऱ्यालगतच्या भागात भूजलात खारे पाणी शिरलेले असते. त्यातील क्लोराइड स्टेनलेस पोलादालाही सूक्ष्म छिद्रे पाडते. कडक पाण्यातील कॅल्शियम, गंजरोधक फॉस्फेट व सिलिकेट यांच्याशी संयोग पावून गाळ बनविते. म्हणजे आज एका टँकरच्या पाण्याला अनुसरून ठरविलेली मात्रा उद्याच्या टँकरला लागू पडत नाही.

द्रव टाकून देण्याची वेळ येते तेव्हा जबाबदारी यंत्रघराच्या भिंतीबाहेर जाते. प्रोपिलीन ग्लायकॉल फारसे विषारी नाही, त्यामुळे ते गटारात ओतले तर बिघडले कोठे, असे वाटते. परंतु त्याचे विघटन करताना जीवाणू पाण्यातील प्राणवायू प्रचंड प्रमाणात वापरतात. पंचवीस टक्क्यांचे एक लिटर मिश्रण, सुमारे एक हजार लिटर घरगुती सांडपाण्याइतका प्राणवायूचा भार टाकते. बेंझोट्रायाझोल तर नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेत फारसे नष्टच होत नाही व जलचरांना ते अपायकारक आहे. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून मिठी नदी उगम पावते. पूर्वेकडचे नाले ठाण्याच्या खाडीला मिळतात. त्या खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. चांदिवलीच्या किंवा विक्रोळीच्या गच्चीवरून सोडलेल्या पाण्याचा शेवट याच दोन ठिकाणी होतो.

घातक कचऱ्याच्या व्यवस्थापनासाठी केंद्र शासनाचे २०१६ चे नियम व इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी २०२२ चे नियम लागू आहेत. तळोजे येथे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सोय आहे. तथापि, शीतक बदलण्याचे काम बहुधा कंत्राटदाराकडे असते आणि ‘जुना द्रव काढून नवा भरणे’ एवढीच ओळ करारात आढळते. काढलेला द्रव कोणी, कोणत्या पिंपात, कोठे नेला याची नोंद मागणारी आणखी एक ओळ घालण्यास खर्च येत नाही. तीच गोष्ट खरेदीची. निविदेत द्रवाला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक पदार्थाची यादी मागविता येते : धातू कोणते, रबर कोणते, नळीचे अस्तर कशाचे. अशी यादी देण्यास टाळाटाळ करणाऱ्या पुरवठादाराविषयी खरेदी समितीने काय समजावयाचे ते समजावे.

तालुक्याच्या कार्यालयातील वा शाळेतील संगणकांना यांपैकी कशाचीही गरज नाही, हे येथे स्पष्ट करणे इष्ट. त्यांना धूळ झाडणे आणि पंखा चालू राहणे पुरेसे आहे. शिक्षकांना मात्र हा विषय वर्गात नेता येईल. तीन बाटल्यांत तीन खिळे ठेवावेत : एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात मिठाचे, तिसऱ्यात धुण्याच्या सोड्याचे. आठवड्यात पहिले दोन गंजतात, तिसरा चकचकीत राहतो. मग त्याच सोड्याच्या कोमट पाण्यात ॲल्युमिनियमच्या वर्खाचा तुकडा टाकावा. त्यावर बुडबुडे येऊन तो झिजू लागतो. लोखंडाला वाचविणारे पाणी ॲल्युमिनियमला खाते, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. सोड्याचे पाणी हाताळताना मुलांनी ते डोळ्यांपासून दूर ठेवावे.

मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप व वर्सोवा अशा सात ठिकाणी नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन २०२३ च्या जानेवारीत झाले. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६४ दशलक्ष लिटर इतकी योजिली आहे. यांतील घाटकोपर व भांडुप ही दोन केंद्रे पूर्व उपनगरांतील संगणकगृहांच्या जवळची आहेत. तेथील प्रक्रिया केलेले पाणी कूलिंग टॉवरला देता आले, तर तलावांवरील तेवढा भार कमी होईल. मात्र सांडपाण्यात अमोनिया असतो आणि तो तांबे व पितळ यांना पोखरतो. फॉस्फेट असते, त्यावर शेवाळ पोसते. म्हणून असे पाणी तसेच्या तसे न वापरता सूक्ष्म गाळण व विपरीत परासरण या प्रक्रियांतून न्यावे लागते, आणि तेही केवळ गच्चीवरच्या चक्रात. संगणकाच्या कपाटातील आतल्या चक्रात ते कधीही जाऊ देत नाहीत. दोन्ही नळांना वेगळे रंग देण्याची पद्धत त्यासाठीच आहे.